देवळाचा फंड, सभामंडपाची फरशी आणि पुराचा गाळ

नदीकाठचा

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातलं आमचं गाव, कृष्णेच्या अगदी अंगावर. ग्रामदैवताच्या देवळाचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. सात विश्वस्त, त्यात मी पन्नाशीचा असूनही सगळ्यात लहान. यात्रेचा खर्च वजा जाता बँकेत साडेचार लाख साठलेत. परवाच्या बैठकीत सभामंडपाला ग्रॅनाइट बसवायचा विषय निघाला. जुनी शहाबादी २०१९ च्या पुरात निम्मी उखडली, उरलेली २०२१ च्या. मी म्हटलं, ग्रॅनाइटवर काय गाळ बसायचा राहतोय का? त्यापेक्षा थोडे पैसे पुरासाठी बाजूला काढू. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला (राग आला की पुसतात) आणि म्हणाले, "देवाचा पैसा देवाला. पुराला सरकार हाय की."

माझा प्रश्न पूर आल्यावरचा नाही, ओसरल्यावरचा आहे. पहिले चार दिवस चपात्यांचे ढीग येतात, पंधराव्या दिवशी काळं कुत्रं फिरकत नाही. गावातल्या लहान देवस्थानानं, मशिदीनं, मठानं, जैन बस्तीनं त्या वेळी नेमकं काय केलं की उपयोग झाला? अनुभव सांगा. पक्षीय राजकारण नको. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा वाद तर अजिबात नको.

भडंगप्रेमी

आलमट्टी नको म्हणालात म्हणजे आता पाचव्या प्रतिसादाच्या आत येणार. घड्याळ लावलंय.

गावभागची

दादा, आमचं घर सांगलीत गावभागात. २०१९ ला इथल्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही पहिल्या मजल्यावर, खाली कपाटं तरंगताहेत. २००५ ला ५३ फुटांच्या वर गेलं होतं, म्हणून सासरे म्हणाले, "तेव्हा तिसऱ्या पायरीला थांबलं, आताही थांबेल." तिसरी पायरी कधीच गेली.

खायला मिळालं. खूप मिळालं. बिस्किटांचे पुडे इतके झाले की जाऊबाईंनी त्यांचा शिरा करून बघितला (करू नका). पाणी उतरल्यावर मात्र दार उघडलं तर घोटाभर गाळ आणि वास. तो वास सांगता येत नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी जवळच्या मोहल्ल्यातली आठ-दहा पोरं आली, मशिदीतून निघाली होती. फावडी, घमेली, वायपर सगळं स्वतःचं. घरोघर विचारत होती, "काकू, करायचं का?" आम्ही हो म्हटलं. देवघराच्या खोलीशी आल्यावर पुढच्या पोरानं गमबूट काढून बाहेर ठेवले. आत घोटाभर गाळ, आणि हा अनवाणी शिरला. सासूबाई म्हणाल्या, "अरे घाल ते, काच असेल." तर म्हणाला, "राहू दे आज्जी." देव्हारा आम्ही उचलला, बाकी सगळं त्यांनी काढलं. चहासुद्धा घेतला नाही, पुढच्या घरी गेली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दात: हात. चपात्या नव्हे.

जतकर

तुमच्याकडं पाणी येतं म्हणून रडता, आमच्याकडं येत नाही म्हणून. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत होड्या फिरत होत्या तेव्हा जत-आटपाडीत टँकर आणि चारा छावण्या चालू होत्या. एकच जिल्हा, एकच कलेक्टर. त्या माणसाची दया येते.

तरी सांगतो. आमच्या गावच्या मठातून त्या वेळी कडब्याचा एक ट्रक पलूसकडं गेला. कडबा आम्हालाच कमी होता, पण मठपती म्हणाले, माणसाला सगळी देतील, जनावराला कोण देणार? भिजलेलं वैरण जनावर खात नाही, खाल्लं तर फुगतं. तुमच्या गावच्या यादीत जनावरं धरा.

नदीकाठचा

जतकर, तो कडबा आमच्या शेजारच्या गावात उतरला असणार. आमच्यापर्यंत नुसता वास आला 😄 पण मुद्दा लिहून घेतला. गावभागची ताई, गमबुटाचं बैठकीत सांगणार आहे.

सडेतोड

मला हे कौतुक कळत नाही. देवस्थानांनी पूरग्रस्तांना मदत करणं म्हणजे लोकांच्याच दानपेटीतला पैसा लोकांनाच परत देणं आणि वर फलक लावणं. २०१९ ला मोठमोठ्या संस्थानांनी मुख्यमंत्री निधीला कोटी दिले, छान. पण पुनर्वसन हा नागरिकाचा हक्क आहे, प्रसाद नव्हे. देवस्थान पुढं आलं की तलाठी मागं सरकतो. तुमचे अध्यक्ष बरोबर बोलले, फक्त चुकीच्या कारणानं. पुराला सरकारच पाहिजे.

भडंगप्रेमी

देवस्थानाच्या अध्यक्षांच्या बाजूनं सडेतोड! या धाग्याला यात्रेत मानाचा नारळ द्या.

पाटणकर_सातारा

सडेतोड यांच्याशी अर्धा सहमत. आम्ही पाटण तालुक्यातले. वडील १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात दहा वर्षांचे होते, ११ डिसेंबरची पहाट. ते सांगतात, कोयनानगर आडवं झालं, थंडीत सगळे उघड्यावर, आणि पहिलं घोंगडं कुठून आलं तर घाटाखालच्या गावातल्या भजनी मंडळाकडून. तिथं देवस्थान वगैरे काही मधे नव्हतं, भजनात बसणारी माणसं होती.

पण जुलै २०२१ ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला. तिथं मी आठवडाभर होतो. पुरात घर उभं असतं, आत गाळ असतो. दरडीत घर राहत नाही, घराखालची जमीनसुद्धा राहत नाही. त्या माणसाला तुम्ही किती भांडी देणार, किती सतरंज्या? त्याला प्लॉट पाहिजे, आणि प्लॉट देऊळ देऊ शकत नाही, मशीद देऊ शकत नाही. तिथं शासनच लागतं, आणि किती लागलं ते आम्ही बघतोय. तात्पुरत्या खोल्यांत माणसांनी पावसाळ्यामागून पावसाळे काढले.

म्हणून नदीकाठचा, तुमचा प्रश्न पुराच्या गावाला लागू आहे, डोंगरातल्या गावाला नाही. सगळ्या आपत्ती एका मापानं मोजू नका.

शाळेच्या_बाई

वाचत होते, लिहायचं नव्हतं, पण लिहिते. गावाचं नाव सांगणार नाही.

मी शिक्षिका. २०१९ ला आमच्या शाळेत छावणी होती आणि आलेल्या मदतीचं वाटप गावच्या देवस्थान कमिटीकडं होतं. माणसं वाईट नव्हती. यादी त्यांनी केली तोंडओळखीवर, देवळात बसून. देवळात कोण येऊन बसतं? जे रोज येतात ते. खालच्या वस्तीतली अकरा घरं यादीतच नाहीत. त्यांच्याकडं पाणी सगळ्यात आधी शिरलं होतं आणि सगळ्यात शेवटी उतरलं. मी हजेरीपटावरून मुलांची घरं मोजली आणि यादी पुढं केली, तर एक जण म्हणाले, "बाई, त्यांना सरकारी मिळतंय की वेगळं." काही वेगळं मिळत नव्हतं. शेवटी मिळाली त्यांनाही किटं, पण चार दिवसांनी, आणि तोवर पोरं माझ्याकडं बघायची ते अजून आठवतं.

देवळातून मदत देऊ नका असं मी म्हणत नाही. यादी देवळात करू नका. शाळेचा हजेरीपट, रेशन दुकानाची यादी, अंगणवाडीताईंचं रजिस्टर, हे तीन समोर ठेवा.

गावभागची

बाई, +१. अंगणवाडीताईंना कुठलं घर कुठं ते डोळे मिटून माहीत असतं.

सडेतोड

बाईंनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला.

हरिपूरचा_हळद्या

आमच्याकडं हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी गेलं, बऱ्याच पेवांचा धंदा तिथंच बसला. हे का सांगतो? तेव्हा मदत आली ती धान्याची आणि कपड्यांची. पेववाल्याला, त्याच्याकडच्या हमालाला कपडे नको होते हो, काम पाहिजे होतं. जुन्या साड्यांचा ढीग आमच्या संगमेश्वराच्या देवळाच्या वाटेवर आठवडाभर पडून होता, त्यावर परत पाऊस पडला. शेवटी त्याचाही गाळ झाला.

जुने कपडे पाठवणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावं की आपण दान करतोय की कपाट रिकामं करतोय.

कराडचा_डायव्हर

२०१९ ला हायवे कोल्हापूरजवळ शिरोलीला बंद, ट्रकच्या रांगा मागं मागं आलेल्या. मी पण अडकलो. एका गावच्या मंडळानं आणि तिथल्या देवळानं मिळून आम्हाला पिठलं-भाकरी घातली. पूरग्रस्तांच्या यादीत डायव्हर नसतो कुणी धरत. तेवढं सांगायचं होतं.

कृष्णामाईचा_अभियंता

मूळ कारण न बोलता उपाय काय बोलताय? आलमट्टीची उंची...

भडंगप्रेमी

अकरा प्रतिसाद टिकलं. अंदाज चुकला, पण आलं.

नदीकाठचा

अभियंतासाहेब, हात जोडतो. पुरावरचा वडनेरे समितीचा अहवाल, कोयनेचे १०५ टीएमसी, आलमट्टीचे १२३ टीएमसी, पूररेषेतली बांधकामं, सगळ्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथं फरशी.

मिरजेचा_तंबोरा

थोडं विषयांतर. धर्माच्या पैशातून आलेली मदत दोन प्रकारची असते. एक पाकीट, एक संस्था. मिरजेत वॉनलेस नावाचा मिशनरी डॉक्टर आला, १८९४ ला दवाखाना उभा राहिला, आणि सव्वाशे वर्षं दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातली माणसं मिरजेला "दवाखान्याचं गाव" म्हणून येतात. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता का? होता. आमच्या आजीचं ऑपरेशन तिथंच झालं का? झालं. ती मरेपर्यंत एकादशी करत होती.

दुसरं, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं पुण्याला शिकायला नेली. ब्लँकेटं वाटून परत गेले असते तर आज कुणाला आठवलं असतं? आणि आपल्या साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील तर सांगायलाच नकोत. वसतिगृहासाठी मुष्टिफंड, घराघरातून मूठमूठ धान्य. ते देवाच्या नावानं नव्हतं, पण सवय तीच, रोज थोडं बाजूला काढायचं.

साडेचार लाखांत दवाखाना होत नाही हे कळतं. पण पाकीट करू नका. गावात राहील असं काहीतरी करा.

वकील_नाही_लेखापरीक्षक

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. नदीकाठचा, तुमचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला असणार. आधी ट्रस्टची घटना, म्हणजे नियमावली, काढा आणि उद्देश वाचा. नव्वद टक्के विश्वस्तांनी स्वतःच्या ट्रस्टची घटना वाचलेली नसते, ती माजी सचिवाच्या ट्रंकेत असते.

कायद्याच्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतू दिलेत, त्यात गरिबी किंवा संकट निवारण आहे, शिक्षण आहे, वैद्यकीय मदत आहे. पण कायद्यात आहे म्हणून तुमच्या घटनेत आहे असं होत नाही. घटनेत फक्त "पूजाअर्चा, उत्सव, मंदिराची देखभाल" असेल तर पूरग्रस्तांना रोख वाटलेली तुमच्या ऑडिटरला दिसेल, आणि तो मी असलो तर मी लिहीन.

वेगळा पूरनिधी म्हणून गावात पावत्या फाडणार असाल तर कलम ४१-क बघा, गणपती मंडळं वर्गणीसाठी जे करतात तेच. मागाहून धर्मादाय कार्यालयात हेलपाटे घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

भडंगप्रेमी

"तो मी असलो तर मी लिहीन." माणूस आवडला.

नदीकाठचा

ट्रंक उघडली. खरंच माजी सचिवांच्या घरीच होती, २०१९ च्या पुरात भिजून पानं एकमेकांना चिकटलेली. वाफेवर धरून सोडवली. उद्देश: "श्रींची त्रिकाळ पूजा, यात्रा, मंदिर व परिसराची स्वच्छता, दुरुस्ती व देखभाल." संपलं. पूर नाही, गरिबी नाही, शिक्षण नाही.

आता काय?

गावभागची

"मंदिर व परिसराची स्वच्छता" आहे की हो!

वकील_नाही_लेखापरीक्षक

ताईंना ट्रस्टवर घ्या.

हरिपूरचा_हळद्या

गाळाबद्दल एक गोष्ट, जी शहरातून येणाऱ्यांना कळत नाही. गाळ पाणी उतरतानाच ढकलायचा असतो. पाणी गुडघ्यावर आलं की घरात शिरायचं, झाडू आणि पाइप घ्यायचा, उतरत्या पाण्याबरोबर गाळ बाहेर. एकदा पाणी गेलं आणि दोन दिवस ऊन पडलं की तो सिमेंट होतो, मग फावडं लागतं, मजूर लागतो. २०१९ ला गावाकडं सानुग्रह अनुदान १० हजार, शहरात १५ हजार. आमच्या चुलत्याचं निम्मं गाळ काढणाऱ्या ट्रॅक्टरनंच खाल्लं.

तेव्हा पंप. डिझेलचा. लाइट आठ-दहा दिवस नसतेच, मोटर काय कामाची. नदीचंच पाणी खेचायचं आणि मारायचं.

पाटणकर_सातारा

हळद्या, हे खरं बोललात. आणि गोळ्या. गाळात काम करणाऱ्या पोरांना लेप्टोच्या (घाण पाण्या-गाळातून होणारा ताप) गोळ्या आरोग्य केंद्रातून विचारून आधी घ्यायला लावा. गमबूट काढायचे नाहीत, देवघरात पण नाही. त्या पोराचं मन मोठं, पण पायाला जखम असली तर भारी पडतं.

गावभागची

मान्य. सासूबाई तेच म्हणत होत्या.

जतकर

पंप घेताय तर पावसाळा संपल्यावर आमच्याकडं पाठवा. आमच्याकडं पाणी नाही, पण बघून तरी समाधान.

नदीकाठचा

तीन आठवड्यांनी येतोय. काय झालं ते सांगतो, लांबेल.

बैठक झाली. गमबुटाचं सांगितलं, सगळे गप्प झाले, पण ठराव काही झाला नाही. हजेरीपटाचं सांगितलं, दोघे चिडले. संस्था आणि पाकीट सांगितलं, एक विश्वस्त म्हणाले, "मिरजेला दवाखाने लई हायत." अध्यक्ष चष्मा पुसतच होते.

मग गुरव बोलले. ते बैठकीत कधी बोलत नाहीत, चहा देतात. म्हणाले, "सभामंडप धुवायला मला न् माझ्या पोराला नऊ दिवस लागले गेल्या टायमाला. बादलीनं. पाठ अजून धरती. फरशी कुठलीबी घाला, धुणार मीच हाय." अध्यक्षांनी चष्मा घातला.

ठराव असा झाला: "मंदिर व परिसराच्या स्वच्छतेसाठी" दोन डिझेल पंप, पाइप, एक जनरेटर, बारा फावडी, बारा जोड गमबूट. मिळून एक लाख साठ हजारांच्या आत. परिसर म्हणजे कुठपर्यंत, यावर पाऊण तास गेला. शेवटी पालखी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत परिसर, असं ठरलं. पालखी खालच्या वस्तीत जात नव्हती. यंदापासून जाणार. हे मी सुचवलेलं नाही, अध्यक्षांनी स्वतः म्हटलं, आणि म्हणताना कुणाकडं बघितलं नाही.

उरलेल्या पैशात शहाबादीच. ग्रॅनाइट बाद.

एक पंप वरच्या आळीपासून पाणी उतरेल तसा खाली येणार, दुसरा खालच्या वस्तीसाठी राखीव, तो कुणी मागितला तरी हलवायचा नाही. घरांची यादी अंगणवाडीताई करताहेत. डिझेल ज्याचं त्यानं घालायचं, ज्याला जमत नाही त्याच्यासाठी गावातलं मंडळ घालणार.

वकील_नाही_लेखापरीक्षक

"पालखी जाते तो परिसर." पंचवीस वर्षं ऑडिट करतोय, असली व्याख्या वाचली नव्हती. ठरावाची नक्कल नीट जपून ठेवा. ट्रंकेत नको.

सडेतोड

सरकारनं करायचं काम आहे हे माझं मत कायम. अनुदानाच्या अर्जांना कुणी लागत असेल तर सांगा, पंचनाम्याचे फॉर्म मला येतात. आमच्या गावापासून तासाभराचा रस्ता आहे.

शाळेच्या_बाई

पालखीचं वाचून थांबले थोडी. बाकी काही नाही.

हरिपूरचा_हळद्या

पंप ठेवणार कुठं? देवळात ठेवलात तर पहिल्या रात्री पंपच बुडेल.

नदीकाठचा

बरोबर पकडलंत. देवळाच्या पायऱ्या गावात सगळ्यात आधी बुडतात. शाळेच्या गच्चीवर शेड नाही. उंचावर पक्की, कुलूप लागणारी खोली गावात एकच, मशिदीचा वरचा मजला. जमातीला विचारलं, त्यांनी एक कोपरा रिकामा करून दिला. किल्ल्या दोन, एक मुतवल्लींकडं (मशिदीचे व्यवस्थापक), एक गुरवांकडं.

काल दोन्ही पंप नदीवर नेऊन चालू करून बघितले. एक पहिल्या झटक्याला पेटला, दुसऱ्यानं सतरा झटके घेतले. आयर्विनला आज २१ फूट.

भडंगप्रेमी

सतरा झटके कुणी मारले?

नदीकाठचा

अध्यक्षांनी. कुणाला हात लावू देईनात.